धंद्याची विद्या वर्गांत शिकवितां येते काय ?

(एका तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळापुढें तेथील एका शिक्षकांनीं केलेलें भाषण. विषय आमच्या वाचकांच्या मुलाबाळांच्या पोटाशीं निगडित असल्यामुळें तें पूर्ण देत आहों.)



वाणिज्य मंडळाच्या उत्सवांत वक्त्यानें मोठमोठ्या कारखानदारांचीं चरित्रें सांगावीं आणि तुम्हीं टाळ्या वाजवून घरीं जावें, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहें. मी या कॉलेजांत बावीस वर्षें वाणिज्य शिकवीत आहें आणि त्यांतील बारा वर्षें ‘उद्योजकता’ हा विषय माझ्याकडे आहे. या बारा वर्षांत मीं काय शिकविलें, त्यांतलें काय फुकट गेलें, आणि पुढें काय केलें पाहिजे, एवढेंच आज बोलणार आहें.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं बी. बी. ए. च्या शेवटच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. बाप दीड एकराचा शेतकरी. परीक्षेसाठीं त्यानें पनीर करण्याच्या कारखान्याचा प्रकल्प-अहवाल लिहिला. अहवाल सुरेख होता. यंत्राची किंमत, दुधाचा भाव, पांच वर्षांचा अपेक्षित नफा, रंगीत आलेख, सर्व कांहीं होतें. मीं त्याला चाळीसपैकीं अडतीस गुण दिले व वर्गांत तो अहवाल वाचून दाखविला. मुलाला वाटलें, मास्तर खोटें कसें बोलतील ? त्यानें बापाकडून जमीन गहाण टाकविली, कर्ज काढलें आणि खरोखरच पनीर करूं लागला.

माल चांगला होता. हॉटेलवाले घेत होते. पण दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला दर दहा दिवसांनीं पगार द्यावा लागे, आणि हॉटेलवाले पैसे देत पंचेचाळीस दिवसांनीं. रोज शंभर लिटर दूध, भाव पस्तीस रुपये, म्हणजे रोजचे साडेतीन हजार. मधल्या पस्तीस दिवसांची तोंडमिळवणी करावयास १,२२,५०० रुपये हातांत पाहिजेत. त्यानें ठेवले होते चाळीस हजार. नवव्या महिन्यांत भट्टी थंड झाली. गंमत अशी कीं, ज्या दिवशीं कारखाना बंद पडला त्या दिवशींहि त्याच्या वहींत नफाच होता ! फक्त तो लोकांच्या खिशांत होता.

त्या अडतीस गुणांच्या अहवालांत उधारीवर एक ओळहि नव्हती. आणि मीं ती विचारली नव्हती. तेव्हां सांगा, नापास कोण झाला ? तो मुलगा कीं मी ? त्या बापानें माझ्या दारांत येऊन मला एक शब्दहि वाईट बोलला नाहीं. उलट “पोराचें नशीब,” असें म्हणाला. पण तें नशीब नव्हतें. तें शिक्षण अपुरें होतें. त्या दिवसापासून मीं आपली शिकविण्याची रीत बदलावयास घेतली.

आतां कोणी म्हणेल, “मास्तर, धंदा रक्तांत असावा लागतो. तो शिकवून येत नाहीं.” हें वाक्य आपल्या लोकांनीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें आपल्याला खरेंच वाटूं लागलें आहे. जरा तपासून पाहूं. व्यापाऱ्याचा मुलगा दहा वर्षांचा झाला कीं शाळा सुटल्यावर दुकानांत बसतो. गिऱ्हाईक कोणतें घेणार व कोणतें नुसतें भाव विचारणार, उधारी कोणाला द्यावी व कोणाला हात जोडावे, माल केव्हां भरावा, घाऊक व्यापाऱ्याशीं सवलत कशी मागावी, हें तो बापाच्या मांडीशीं बसून पाहतो. विसाव्या वर्षीं त्याचें दहा वर्षांचें शिक्षण झालेलें असतें. त्याला आपण रक्त म्हणतों ! कुणब्याच्या पोराला विचारा कीं ढगाकडे पाहून पाऊस कसा सांगतां येतो, तो सांगेल. व्यापाऱ्याच्या पोराला तें येणार नाहीं. दोघांच्याहि रक्तांत कांहीं नाहीं. ज्याच्या घरीं जी शाळा, त्याला ती विद्या.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, धंद्याचें शिक्षण कॉलेजांत देण्याची गरज व्यापाऱ्याच्या मुलाला थोडी आहे; ज्याच्या घरांत गल्ला नाहीं त्या मुलाला व मुलीला ती फार आहे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, बलुतेदाराच्या घरांतलें जें मूल पहिल्यानेंच कॉलेजची पायरी चढतें त्याला दुकानाची गादी कॉलेजानेंच द्यावयास हवी. आणि नेमकें तेंच आपण देत नाहीं. आपण काय देतों ? “उद्योजकाचे गुण लिहा.” मूल लिहितें : धाडस, दूरदृष्टि, चिकाटी, नेतृत्व. दहा गुणांना दहा मार्क. नांगराची आकृति काढून कोणाचें रान नांगरून झालें आहे ?

आपल्या पूर्वजांनीं हा विषय असा कागदी केलेला नव्हता. जोतीराव फुल्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतों. ते ‘पुणे कमर्शिअल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’चे भागीदार व कंत्राटदार होते, सरकारी बांधकामांचीं कामें घेत होते, हें आपण विसरतों. कंत्राटाच्या कामावर मजुरी कशी ठरते आणि मधल्या मध्यें पैसा कोठें मुरतो हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्यांत खेड्यांतल्या मुलांना हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान द्या, अशी मागणी आहे. व्यवहाराचें ज्ञान शिक्षणाच्या बाहेर ठेवूं नका, हा त्यांचा आग्रह सव्वाशें वर्षांहून जुना आहे.

दुसरें उदाहरण कोल्हापूरचें. गंगाराम कांबळे यांनीं शाहूमहाराजांच्या प्रोत्साहनानें शहरांत चहाचें हॉटेल काढलें. चहा चांगला, जागा हमरस्त्यावर, भांडीं स्वच्छ. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण ? धंद्याच्या पुस्तकांत मागणी व पुरवठा यांची आकृति असते. त्या आकृतींत जात दाखविलेली नसते. बाजारांत मात्र ती असते. शाहूमहाराज स्वतः आपली गाडी घेऊन त्या हॉटेलासमोर आले, तेथला चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाहि पाजला. महाराजांनीं त्या दिवशीं गंगाराम यांना दिलेली सर्वांत मोठी वस्तु पैसा नव्हे. ती म्हणजे पहिलें गिऱ्हाईक! नव्या माणसाला भांडवलाइतकीच पहिल्या गिऱ्हाइकाची अडचण असते. ही गोष्ट मी आतां दरवर्षीं पहिल्या तासाला सांगतों आणि मुलांना विचारतों, “तुमचा पहिला गिऱ्हाईक कोण ? त्याचें नांव सांगा.” ‘समाज’, ‘तरुण वर्ग’, ‘ग्रामीण बाजारपेठ’ असलीं उत्तरें मी घेत नाहीं. नांव, आडनांव आणि घराचा पत्ता पाहिजे.

तिसरें उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचें. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते अशी शेतकऱ्याची समजूत होती व नांगर विकला जाण्यास बराच काळ लागला. हे नांगर विकण्यासाठीं जीं माणसें पुढें गांवोगांव फिरलीं त्यांत भाऊराव होते. १९१९ त रयत शिक्षण संस्था काढणारा माणूस त्याआधीं फिरता विक्रेता होता ! शेतकऱ्याच्या मनांतली शंका काय आहे, ती कशी फेडावी, नाहीं म्हणणाऱ्याकडे पुन्हां केव्हां जावें, हें ज्याला कळलें त्यालाच पुढें गांवोगांव वर्गणी मागून शाळा उभ्या करतां आल्या. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आपण गरीब मुलांच्या फीची सोय म्हणून पाहतों. ती त्याहून मोठी आहे. स्वतःच्या घामाचा पैसा मोजण्याची ती शाळा आहे.

आतां बाहेरच्या जगांत काय झालें तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत हार्वर्डच्या धंदेशिक्षणाच्या शाळेंत १९४७ सालीं मायल्स मेस या प्राध्यापकानें नवा धंदा उभारण्याविषयींचा पहिला वर्ग घेतला. त्याला १८८ विद्यार्थी होते व त्यांत युद्धावरून परतलेले पुष्कळ होते. ‘हें शिकवितां येतें काय’ हा प्रश्न मात्र पुढें फार वर्षें राहिला. त्याचें एक उत्तर आपल्याच देशांत मिळालें. १९६४ सालीं डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञानें आंध्र प्रदेशांत काकिनाडा येथील धंदेवाईक मंडळींना कांहीं दिवसांचें शिक्षण दिलें. स्वतःपुढें ध्येय कसें ठेवावें, जोखीम कशी मोजावी, परिणाम पाहून चाल कशी बदलावी, यांचा तो सराव होता. पुढच्या दोन वर्षांत या मंडळींनीं, शिक्षण न घेतलेल्यांच्या मानानें, नवीं कामें अधिक काढलीं. या प्रयोगानंतर आपल्याकडे उद्योजकतेच्या शिक्षणाला जोर आला. १९८३ त अहमदाबादेस राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९८८ त आपलें महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र.

पण एकच बाजू सांगणें प्रामाणिकपणाचें नव्हे. २०१० सालीं दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक हॉलंडमधला. तेथें ब्रेडा गांवच्या कॉलेजांतील मुलांनीं वर्षभर छोटी कंपनी चालविण्याचा अभ्यासक्रम केला. शेवटीं तपासलें तर त्यांच्या कौशल्यांत म्हणण्यासारखी वाढ झालेली नव्हती, आणि ‘मी धंदा काढीन’ असें म्हणण्याची इच्छा उलट कमी झाली होती. दुसरा जर्मनींतील म्युनिकचा. तेथेंहि सक्तीच्या वर्गानंतर एकंदर उत्साह थोडा उतरला. परंतु आपण या कामास योग्य आहों कीं नाहीं हें मुलांना आधींपेक्षां स्पष्ट कळलें.

हे निबंध वाचून माझे एक सहकारी म्हणाले, “झालें, विषयच बंद करा.” मी म्हणतों, थांबा. मुलाची इच्छा कमी झाली म्हणजे शिक्षण फसलें असें कां धरतां ? माझ्या त्या पनीरवाल्या मुलाची इच्छा वर्गांतच, दोन हजार रुपयांत, थोडी कमी झाली असती तर बापाची जमीन वांचली असती. ज्याला धंदा करावयाचा नाहीं त्याला तें वयाच्या विसाव्या वर्षीं, घरदार न विकतां कळणें, ही सुद्धां मोठी कमाई आहे. तो चांगला नोकर, चांगला हिशेबनीस, चांगला शिक्षक होईल. सर्वांनींच मालक व्हावें असा माझा आग्रह नाहीं.

तिसरा प्रयोग आफ्रिकेंतील टोगो देशाचा. लोमे शहरांतील १,५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले. एकाला नेहमींचें शिक्षण दिलें, म्हणजे हिशेब, विक्री, कर्ज वगैरे. दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेण्याचा, अडचण येण्याआधीं ती ओळखण्याचा, दुसऱ्यापेक्षां निराळें कांहीं करून पाहण्याचा सराव दिला. तिसऱ्याला कांहींच दिलें नाहीं. २०१७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : पुढील दोन वर्षांत पुढाकाराचा सराव घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनीं वाढला, नेहमींच्या शिक्षणाची वाढ ११ टक्के दिसली, पण ती खात्रीनें सांगण्याजोगी नव्हती. ते विद्यार्थी नव्हते, आधींचेच धंदेवाले होते, हें लक्षांत ठेवावें. तरी शिक्षकानें घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. माहिती सांगितल्यानें थोडें होतें; वागण्याचा सराव दिल्यानें अधिक होतें.

मग वर्गांत करावयाचें काय ? मी आतां काय करतों तें सांगतों. यांत माझें नवें थोडें आहे. अमेरिकेंतल्या बॅबसन कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज उसने पैसे देऊन धंदा चालवावयास लावीत आलें आहे. आपल्याकडे तितके पैसे नाहींत; पण तितक्यांची गरजहि नाहीं.

चार-चार मुलांचा एक गट करतों. प्रत्येक गटाला विभागाच्या निधींतून दोन हजार रुपये उसने मिळतात. देणगी नव्हे, उसने ! चार आठवड्यांनीं परत करावयाचे. घरून पैसे आणावयाचे नाहींत, म्हणजे श्रीमंताचा मुलगा व मजुराचा मुलगा एका रेषेवर उभे राहतात. पहिला आठवडा कांहीं विकावयाचें नाहीं. वीस माणसांना भेटावयाचें आणि ‘तुम्ही आमचा माल घ्याल का’ असें विचारावयाचें नाहीं. कारण तोंडावर कोणी नाहीं म्हणत नाहीं. विचारावयाचें असें : “गेल्या वेळीं हा माल कोठून घेतलात, कितीला घेतलात, त्यांत काय पटलें नाहीं ?” झालेल्या गोष्टीविषयीं माणूस खरें बोलतो, होणाऱ्या गोष्टीविषयीं गोड बोलतो.

एका गटानें भडंग करावयाचें ठरविलें. दोन मुलें, दोन मुली. खाण्याचा पदार्थ विकावयाचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. ती कोठें, कशी होते तें त्यांनाच शोधून काढावयास लावलें, कारण धंद्यांत कागद करून देणारा मास्तर भेटत नाहीं. चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, मसाला व पिशव्या धरून १,३८० रुपयांत दोनशें ग्रॅमचीं साठ पाकिटें झालीं. भाव पस्तीस रुपये. आठवडेबाजारीं शेचाळीस विकलीं. सहा चवीला वांटलीं. आठ मऊ पडलीं. विक्री १,६१० रुपये. मुलें नाचत आलीं, “सर, दोनशें तीस रुपये नफा !”

मी म्हटलें, बसा. गॅस कोणाचा ? “आईचा.” किती जळला ? विचारून आलीं, एकशें वीस रुपयांचा. रिक्षाचें भाडें ? ऐशीं रुपये. राहिले तीस. चौघांनीं किती तास काम केलें ? प्रत्येकीं सहा, म्हणजे चोवीस. मग ताशीं मजुरी पडली सव्वा रुपया ! वर्ग हंसला. मी म्हटलें, हंसूं नका. तुमच्या आया घरांत जें काम करतात त्याची मजुरी आपण याच रीतीनें शून्य धरतों, आणि बापाच्या शेतांतल्या नफ्याचा हिशेबहि असाच लिहितों.

मग विचारलें, माझे दोन हजार आणा. पेटींत निघाले १,७३०. बाकीचे ? बारा पाकिटें मित्रांना उधार दिलेलीं, ४२० रुपये येणें. म्हणजे कागदावर नफा आणि पेटींत दोनशें सत्तरांची तूट ! जें पनीरवाल्या मुलाला जमीन गहाण टाकून कळलें तें या चौघांना बारा पाकिटांत कळलें. उधारी वसूल करतांना त्यांतील एका मुलाची मैत्री तुटली. तोहि अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

दुसऱ्या खेपेस त्यांनीं स्वतःच शोध केला कीं, घेणारे बहुतेक एस. टी. स्टँडवरचे उतारू आहेत आणि त्यांना मोठें पाकीट नको. शंभर ग्रॅमचीं शंभर पाकिटें केलीं, खर्च १,३००, भाव वीस रुपये, उधार बंद. ब्याण्णव खपलीं, १,८४० रुपये आले. गॅस-रिक्षाचे दोनशें वजा जातां ३४० उरले. तास वीसच लागले. ताशीं सतरा रुपये. अजूनहि मजुरापेक्षां कमीच, पण सव्वा रुपयावरून सतरावर आलीं, आणि कां आलीं हें तीं चौघें झोपेंतहि सांगतील. त्यांच्या वहीला मीं पहिल्या खेपेचे गुण अधिक दिले. कारण माझा नियम असा आहे कीं, गुण नफ्याला नाहींत. खऱ्या हिशेबाला आहेत. नफ्याला गुण दिले कीं मुलें आत्याला माल खपवून आंकडे फुगवितात. तोट्याचा खरा हिशेब आणि त्याचीं खरीं कारणें लिहिणारा मुलगा माझ्या वर्गांत पहिला येतो.

यांतून तीन गोष्टी मुलाच्या अंगीं मुरतात. पहिली, आपल्याजवळ काय आहे तेथून आरंभ करणें. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेनें अमेरिकेंत सत्तावीस अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला आणि २००१ सालीं मांडणी केली. ते मोठा बेत आधीं आंखून भांडवल शोधीत बसत नाहींत. मी कोण, मला काय येतें, मला कोण ओळखतें, या तिहींपासून सुरुवात करतात. आपल्या मुलाजवळ पैसा नसेल, पण शेळी आजारी आहे हें तो चालीवरून ओळखतो, त्याच्या आईला दहा प्रकारच्या चटण्या येतात, चुलता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. हें भांडवलच आहे. त्याची त्याला लाज वाटूं नये. दुसरी, किती मिळेल हें पाहण्याआधीं किती गेलें तर चालेल हें ठरविणें. दोन हजार गेले तर चालेल. दीड एकर गेलें तर चालणार नाहीं. तिसरी, दुसऱ्याचा पैसा वेळेवर परत करणें. बँकेचा मॅनेजर तुमची पदवी पाहील, पण तुमच्या परतफेडीची सवय अधिक पाहील.

सरकारी योजना आहेत. २०१५ पासून मुद्रा योजनेंत लहान धंद्याला पन्नास हजारांपर्यंतचें शिशु-कर्ज आहे. २०२० पासून उद्यम नोंदणी आहे आणि ती फुकट होते. तिच्यासाठीं कोणी पैसे मागितले तर देऊं नका. पण कर्ज ही शेवटची पायरी आहे. विकण्याआधीं कर्ज काढणें म्हणजे पेरणीआधीं खळें करून ठेवणें होय.

शिक्षकबंधूंनो, आतां आपल्याकडे वळतों. आपल्यापैकीं बहुतेकांनीं जन्मांत कांहीं विकलेलें नाहीं. पगार महिन्याला खात्यांत जमा होतो. अशा आम्हीं जोखीम शिकवावयाची ! म्हणून मी आतां तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बोलावतों. कोपऱ्यावरची खानावळ चालविणाऱ्या बाई, गॅरेजवाले, रोपवाटिकेचे मालक. त्या बाईंची शाळा चौथींत सुटली. पण त्यांनीं एका मुलाला जो प्रश्न विचारला तो मला बावीस वर्षांत सुचला नव्हता. त्या म्हणाल्या, “बाळ, दिवाळीच्या सुटींत मेसचीं पोरं गांवाला जातात, तेव्हां तूं काय खाशील ?” मंदीच्या महिन्यांचा विचार कर, असें सांगावयास आम्हांला एक प्रकरण लागतें.

मुलींविषयीं एक शब्द. हिशेबांत व वायदा पाळण्यांत माझ्या अनुभवाला मुली मागें नाहींत. पण चौथ्या आठवड्यानंतर मुलाला घरचे म्हणतात, “बघ जमतंय का,” आणि मुलीला म्हणतात, “आतां पुरे.” शाहूमहाराज गंगाराम यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा प्याले, तसें आपल्या घरांतील मुलीचें पहिलें गिऱ्हाईक बापानें व भावानें व्हावें, आणि पैसे देऊन व्हावें, फुकट घेऊन नव्हे.

शेवटीं एक इशारा. आजकाल नोकऱ्या मागणाऱ्या तरुणांना सांगतात, “नोकरी मागूं नका, नोकरी देणारे व्हा.” ऐकायला गोड आहे. पण ज्याच्या घरांत दोन महिन्यांचे दाणे नाहींत त्याला हें सांगून आपली जबाबदारी झटकणें हा धूर्तपणा आहे. धंद्याचें शिक्षण हें नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहें यांच्या जागीं नको. त्यांच्या जोडीला पाहिजे. पडलेल्या मुलाला दुसरी संधि मिळेल तरच पहिल्याला धीर येईल. व्यापाऱ्याचा मुलगा एकदां बुडाला तर त्याचा काका त्याला दुकानांत घेतो. आपल्या मुलाला असा काका नाहीं. तो काका समाजानें व्हावें.

म्हणून माझी मागणी लहान आहे. या सभागृहांत जे माजी विद्यार्थी बसले आहेत, जे पतसंस्थांचे संचालक आहेत, त्यांनीं प्रत्येकीं दोन हजारांचा एक गट आपल्या नांवें घ्यावा. पैसे परत येतील. न आले तर मी हिशेब दाखवीन. आणि आपला धंदा असेल तर महिन्यांतून एक संध्याकाळ एका मुलाला आपल्या गल्ल्याजवळ बसूं द्यावें. त्याला पगार देऊं नका. फक्त तुम्हीं नाहीं कोणाला म्हणतां आणि कां म्हणतां, हें त्याला पाहूं द्या.

पनीरवाला मुलगा आज काय करतो, असें आपण मनांत विचारीत असाल. तो आतां दुसऱ्याच्या डेअरींत कामाला आहे. कर्ज फेडीत आहे. दरवर्षीं एकदां तो माझ्या वर्गावर येतो, फळ्यावर १,२२,५०० हा आंकडा लिहितो आणि खालीं चाळीस हजार लिहितो. मग वजाबाकी करून दाखवितो. माझ्या साऱ्या अभ्यासक्रमांत त्याच्याइतका चांगला तास कोणाचाहि होत नाहीं. मीं त्याला अडतीस गुण दिले होते. तो मला अजून शिकवीत आहे.